पुढच्या दिवाळीचं इंग्लंड

आप्पा, तुमच्या जावयांनी शेवटच्या दिवशी तुमचा हात हातात घेऊन जे सांगितलं ते खरं नव्हतं. ते इंग्लंडला जाणार नाहीत. तेराव्याचं जेवण उरकून आम्ही दौंडला परतलो, पाय धुतले, आणि चहा पिता पिता त्यांनी मला हे सांगितलं. तुम्हांला कुणीतरी सांगायलाच हवं. इतकी वर्षं या गोष्टीतले तुमचे निरोप त्यांना आणि त्यांचे तुम्हांला मीच पोचवत आले, तेव्हा हाही मीच पोचवते.

तेराव्याला तुमच्याबद्दल लोक खूप बोलले. शिरूरहून सोसायटीची मंडळी आली होती, तालुक्याचे पुढारी आले होते. तुम्ही मिटवलेली भांडणं, अडल्यानडल्याला केलेली मदत, सगळं निघालं. सगळं खरंच होतं. मी आतल्या खोलीत बायकांत बसून ऐकत होते आणि डोळ्यांपुढे येत होती माझ्या लग्नातली पंगत.

वाढपी बुंदी घेऊन फिरत होते. तुम्ही मध्येच उभे राहिलात, फेटा सारखा केलात आणि खणखणीत आवाजात म्हणालात, "मंडळी, आमच्या जावयाकडं जमीन न्हाई, हे समद्यांना ठावं हाय. पर डोकं हाय. फुडच्या दिवाळीला आमचं पाव्हणं विलायतंला जानार आन् मोठं इंजिनेर हून येनार. समदा खर्च माझा!" लोकांनी टाळ्या वाजवल्या, वाजंत्री वाजली. हे माझ्या शेजारी बसले होते. त्यांचा हात पानावरच थांबला. मला वाटलं, आनंदानं. पुढे कधीतरी ते म्हणाले, "मी मागितलं नव्हतं गं. हुंडा नको, एवढंच म्हणालो होतो."

मागितलं नव्हतं हे खरं, पण मनात होतं. यांचे वडील लहानपणीच गेले. आईनं दौंडात रेल्वेच्या लोकांचे डबे करून यांना शिकवलं, पुण्यात डिप्लोमा झाला आणि हे दौंडच्याच लोको शेडमध्ये, इंजिनं दुरुस्त करायला लागले. मला बघायला आले तेव्हा तुम्ही सहज विचारलंत, "फुडं काय करायचं मनात हाय?" यांनी सरळ सांगितलं, की कोळशाची इंजिनं आता फार वर्षं नाहीत, डिझेलची येणार, आणि त्यातली पदवी घ्यायची तर विलायतेला जायला हवं. "मग जावा की," तुम्ही म्हणालात. हे हसले. जायचं म्हणजे बोटीचं भाडं, फी, तिकडचं राहणं-खाणं. शेडच्या पगारात यातलं काहीच बसत नव्हतं. तुम्ही मात्र तिथल्या तिथे ठरवून टाकलंत. तुम्हांला ते इतके आवडले होते.

पहिल्या दिवाळीला तुम्ही स्वतः पुण्याला जाऊन यांना सुटाचं गरम कापड आणलंत. मँचेस्टरच्या एका कॉलेजात जागा मिळाल्याचं तेव्हा नुकतंच कळलं होतं. फराळ झाला, पान जमलं, आणि तुम्ही म्हणालात, "औंदा विहिरीला खडक लागलाय. सुरुंग लावल्याबिगर भागत न्हाई. फुडच्या दिवाळीला नक्की." आम्हांला काही वावगं वाटलं नाही. पुढच्या दिवाळीला वसंताचं लग्न निघालं. माझा भाऊच तो, त्याच्या लग्नाला मी कशी कुरकुर करणार? पानशेत फुटलं त्या वर्षी पुण्यातल्या अडत्याकडे ठेवलेली रक्कम पुरात अडकली, असं तुम्ही सांगितलंत. चीनची लढाई झाली तेव्हा, सरकार आता परक्या मुलखातला पैसाच बाहेर देत नाही, म्हणालात. कारण दर वेळी पटण्यासारखं असायचं.

पण तुम्ही ते मांडवात बोलला होतात. गावात एसटीतून उतरलं की पारावरून हाक यायची, "काय विलायती पाव्हणं, कवा निघायचं?" दौंडच्या रेल्वे कॉलनीतही तेच. शेडमध्ये नवं काम आलं की साहेब दुसऱ्याला द्यायचे, कारण हे काय, आज ना उद्या जाणारच. एक-दोन वर्षं हे हसून उत्तर द्यायचे. मग त्यांनी गावात यायची वाट बदलली. अलीकडच्या फाट्यावर उतरून कॅनॉलच्या कडेनं, मागच्या दारानं यायला लागले. तुम्ही एकदा विचारलंत, "पाव्हणं हिकडनं कसं?" ते म्हणाले, "इकडून सावली आहे." कॅनॉलवर एकही झाड नव्हतं, आप्पा.

आम्ही हातावर हात धरून बसलो होतो असं नाही. पुण्यात एक ट्रस्ट परदेशी शिकायला जाणाऱ्यांना बिनव्याजी कर्ज द्यायचा. हे जाऊन भेटले, त्यांना हे पसंत पडले. अट एकच, जमीनजुमला असलेल्या माणसानं जामीन राहायचं. आमच्या ओळखीत तसा माणूस एकच. मी कागद घेऊन आले. तुम्ही खळ्यावर होतात, अंगभर भुसा उडालेला.

"जावई करज काढनार? आन् मी जामीन?"

"आप्पा, नुसती सही. पैसे हे फेडतील, परत आल्यावर, पगारातून."

"म्हंजी समद्या तालुक्याला कळू दे, का ह्यानं भर मांडवात शबुद दिला आन् जावयाला दुसऱ्याच्या दारात हुबा केला. मी मेलोय व्हय गं?"

मी कागद तसाच परत नेला. यांनी तो बघितला आणि घडी घालून पेटीत ठेवला. मी म्हणाले, दुसरा कुणी बघू. ते म्हणाले, "दुसऱ्याला विचारलं की ते आप्पांच्या कानावर जाणार. त्यांनी मला मुलगी दिलीय. त्यांची मान खाली जाईल असं मी काही करणार नाही."

मग दाविद मास्तर. शिरूरच्या मिशनच्या शाळेत मी शिकले तेव्हाचे आमचे हेडमास्तर. बाजारात भेटले, चौकशी केली, आणि मी सगळं सांगून बसले. त्यांच्या ओळखीचं एक कुटुंब इंग्लंडात होतं. विद्यार्थ्याला घरात ठेवून घ्यायचं, सुट्टीत कारखान्यात काम मिळवून द्यायचं. "धर्माचा काही संबंध नाही हं," मास्तर आपणहून म्हणाले, "मुलगा हुशार असला म्हणजे झालं." भाड्याची तेवढी सोय करायची होती आणि ती आम्ही माझ्या पाटल्यांतून केली असती. महिनाभर मी हवेत होते. मग मास्तरांकडून निरोप आला, भेटून जा. गेले. ते ओशाळल्यासारखे झाले होते. "तुझे वडील येऊन गेले. बोर्डिंगच्या मुलांसाठी दोन पोती ज्वारी देऊन गेले, आणि तुझ्या यजमानांचं नाव काढून टाका म्हणाले. आमचा जावई आम्ही धाडू, म्हणाले. मी काय करू, बाळ?"

त्या दिवशी शिरूरच्या स्टँडवर एसटीची वाट बघताना मला हे सगळं पहिल्यांदा नीट दिसलं. तुम्ही पैसे देत नव्हता, आणि तुम्ही देणार हे गावभर झालेलं असल्यामुळे दुसऱ्या कुणाकडून घेताही येत नव्हते. तुम्ही नुसते गप्प बसला असतात, लग्नात चार भांडी देऊन मोकळे झाला असतात, तर हे केव्हाच गेले असते. ट्रस्टनं पाठवलं असतं, मास्तरांनी पाठवलं असतं. यांना कुठंच जाऊ न देणारी गोष्ट एकच होती, तुमची माया. तिच्याविरुद्ध कुणाकडे तक्रार करायची?

कारण माया होती. तुम्ही नुसते हेकट असतात तर मला सोपं गेलं असतं. गावातली मॅट्रिक झालेली पहिली मुलगी मी, ती तुमच्यामुळे. परीक्षेच्या दिवसांत तुम्ही शाळेबाहेर चिंचेखाली बसून राहायचात, पोरीला तहान लागली तर म्हणून पाण्याचा तांब्या घेऊन. लोक हसायचे. माझ्या मुलीला टायफॉइड झाला तेव्हा दौंडच्या दवाखान्यात पायऱ्यांवर मुक्काम ठोकलात आणि ती उठून बसली त्याच दिवशी आंघोळ केलीत. दर सुगीला एसटीच्या टपावर बाजरीचं पोतं टाकून यायचात, घोटभर चहा प्यायचात आणि तडक शेडकडे. हे इंजिनाखालून काळेकुट्ट होऊन बाहेर यायचे, तुम्ही तिथेच विटांवर बसून प्रश्न विचारायचात. "आन् पानी संपलं म्हंजी?" "पाणी संपलं की इंजिन फुटतं, आप्पा." "अन् डायवर?" "तो आधीच उडी मारतो." दोघं पोट धरून हसायचात. दोघांत कधीही इंग्लंडचा विषय निघाला नाही. तो माझ्यावर ठेवला होता तुम्ही दोघांनी.

मला स्वतःलाही जायचं होतं, हे तुम्हांला कधी सांगितलं नाही. शेजारच्या गार्डसाहेबांची बायको, डोरथीबाई, मला इंग्रजी शिकवायची. दुपारची झाकपाक झाली की मी तिच्या व्हरांड्यात पुस्तक घेऊन बसायची. हे आधी जातील, वर्षभरानं मी मुलीला घेऊन जाईन, असं आमचं ठरलं होतं. एकदा तुम्ही अचानक आलात आणि पुस्तक बघितलंत.

"तू पन जानार व्हय?"

"व्हय," मी हसत म्हणाले.

तुम्ही हसला नाहीत. पोतं उतरवून लगेच स्टँडकडे निघालात, शेडमध्येही गेला नाहीत. मला वाटलं, काही काम असेल.

आपलं भांडण झालं ते गेल्या दिवाळीच्या आदल्या दिवाळीला. तुम्ही नेहमीसारखं सुरू केलंत, "फुडच्या..." आणि मी ताट वाढता वाढता म्हणाले, "आप्पा, द्यायचे नसतील तर तसं सांगा. एकदा नाही म्हणा. आम्ही मोकळे होऊ."

"मी कवा न्हाई म्हनलो?"

"हो तरी कुठं म्हणालात?"

तुम्ही पानावरून उठलात, हात धुतलात आणि मळ्याकडे चालू लागलात. आई माझ्यावर ओरडली, "सणासुदीचं बापाला असं बोलत्यात व्हय?" हे पानाकडे बघत बसून राहिले. आम्ही त्याच दिवशी दौंडला परत आलो. महिन्यानं तुम्ही पोतं घेऊन दारात उभे, जसं काही झालंच नाही. मीही चहा टाकला. ते भांडण तसंच राहिलं.

मग तुमचं पोटाचं दुखणं निघालं. शिरूरच्या डॉक्टरांनी वसंताला बाजूला घेऊन सांगितलं, आता घरीच ठेवा. मी मुलीला डोरथीबाईकडे सोडून आले. त्या दुपारी तुम्ही ओसरीवर खाटेवर होतात, मी पाय चेपत होते, आणि आत्या उंबऱ्यात मटकी निवडत होती. आत्या, तुमची धाकटी बहीण. मला कळायला लागल्यापासून ती आपल्याच घरात आहे. तिचा नवरा आफ्रिकेत, मोंबासाला, रेल्वेच्या नोकरीवर गेला आणि तिकडेच दुसरा संसार मांडून बसला, एवढंच मला ठाऊक होतं. ती अजून त्याच्या नावानं कुंकू लावते.

तुम्ही वर आढ्याकडे बघत म्हणालात, "पैसा व्हता."

मला वाटलं तापात बोलताय. "कसला पैसा, आप्पा?"

"पाव्हण्यांचा. पयल्या दिवाळीलाच व्हता. अजून हाय. कुठं गेला न्हाई."

विहीर, पूर, लढाई, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. "मग का हो, आप्पा?"

तुम्ही पांघरूण छातीपर्यंत ओढलंत. मग आत्याकडे न बघता म्हणालात, "हिच्या दादल्याचं बोटीचं भाडं म्या दिलं व्हतं. ममईला जाऊन बोटीत बशिवला बी म्याच. ही गोदीत रडत व्हती. मी म्हनलो, रडू नगं, दोन वर्सांत येतोय त्यो."

आत्यानं सूप खाली ठेवलं.

"पाव्हणं तसलं न्हाईत, मला ठावं हाय. पर पैसं काढाय गेलो की हात म्हागं यायचा. पाव्हणं येकलं गेलं तर तू वाट बघशील. आन् तू संग गेलीस, तर मी वाट बघीन."

एवढं बोलून तुम्ही दमलात. डोळा लागला. स्वयंपाकघरात आत्या मला म्हणाली, "हट्ट मीच केला व्हता. धाड म्हनून दादाच्या म्हागं मीच लागले व्हते. त्यानं उगं सोताला लावून घेतलं. मला इचारलं असतं तर मी म्हनले असते, जाऊ दे पाव्हण्यांला."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"मला कोन इचारतंय?"

मला तेव्हा तुम्हांला उठवून भांडावंसं वाटलं. मी आत्या नाही, हे मोंबासाचे नाहीत, दुसऱ्याच्या चुकीची शिक्षा तुम्ही आम्हांला दिलीत, आणि ती देताना दर दिवाळीला फराळ वाढलात. पण तुमच्या हाताची हाडं दिसत होती. आणि खरं सांगते, 'मी वाट बघीन' हे ऐकल्यावर माझा राग कुठं ठेवायचा ते मला कळेना. अजून कळत नाही. माझ्यासाठी कुणी इतकं घाबरलेलं आहे हे मला आधी समजलं असतं तर मी काय केलं असतं? कदाचित मीच यांना म्हणाले असते, राहू द्या. आणि मग यांना अडकवणारा पिंजरा माझ्याच हातचा झाला असता. तुम्ही मला त्यातून वाचवलंत, का त्यात कोंडलंत?

शेवटच्या दिवशी हे आले. मी त्यांना आणायला एसटीपाशी गेले होते, येता येता सगळं सांगितलं. ते एकदाही थांबले नाहीत, चालत राहिले. या वेळी पारावरूनच आले. ओसरीवर भाऊबंद जमले होते. तुम्ही डोळे उघडलेत आणि सगळ्यांसमोर विचारलंत, "पाव्हणं, पैसा हाय. आता जानार न्हवं?"

यांच्या कानांवर आता पांढरं आलंय. मँचेस्टरची जागा जाऊन किती वर्षं झाली. ते तुमच्याशेजारी बसले, तुमचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "जातो, आप्पा. पुढच्या दिवाळीला."

मला वाटलं, टोमणा. पण त्यांचा चेहरा साधा होता. तुम्हांला तो टोमणा वाटला नाही. तुम्ही "ब्येस झालं" म्हणालात. त्यानंतर तुम्ही काही बोलला नाहीत.

तेराव्याला वसंतानं सगळ्यांदेखत पैशांचं पुडकं यांच्या हातात ठेवलं. लोक पाठीवर थाप मारून जात होते, आता निघा, आप्पांची इच्छा होती. म्हणजे इतके दिवस ते तुमच्या शब्दात अडकले होते, आता स्वतःच्या. निघताना यांनी पुडकं माझ्या आईजवळ दिलं, सध्या राहू द्या म्हणाले.

घरी चहा पिताना मी विचारलं, "मग आप्पांना का सांगितलंत तसं?"

"त्यांना तेवढंच ऐकायचं होतं. इतकी वर्षं ते मला तेच सांगत आले, मी एकदा त्यांना सांगितलं."

"तुम्हांला जावंसं वाटत नाही?"

"वाटायचं. कधी थांबलं ते कळलं नाही. डिझेलची इंजिनं यायला लागलीच की. माझ्याहून लहान पोरं ती शिकून आली. आता मी नुसता वाट बघत असतो, तीही कशाची ते आठवत नाही."

एवढं ते लग्न झाल्यापासून एका दमात बोलले नव्हते. मी पदरात तोंड खुपसून रडले. तुमच्यासाठी की त्यांच्यासाठी, मला सांगता येणार नाही. गावाला मी सांगेन, आप्पा. वसंताला सांगेन, आईला सांगेन. तुमचा शब्द खोटा पडला असं कुणाला म्हणू देणार नाही. पैसे होते, तुम्ही देऊ केलेत, यांनी नको म्हटलं, असंच सांगेन. ते खरंच आहे.

मग ते म्हणाले, की भुसावळला बदली आलीय, बढतीवर. आधीही दोनदा आली होती, तेव्हा इंग्लंडला जायचंच आहे म्हणून नाकारली होती. "मोठं शेड आहे. पण लांब आहे. तुझं तू ठरव. तू नको म्हणालीस तर मी साहेबांना नाही सांगतो." मला असं कुणी कधी विचारलं नव्हतं. मी जाऊ या म्हणाले.

महिनाभरानं आम्ही निघतोय. तिथून दर सणाला गावी येणं होणार नाही. तुम्ही असतात तर खाटेवर बसून, माझ्याकडे न बघता म्हणाला असतात, "कशाला इतक्या लांब? दौंड काय वंगाळ हाय?" आणि मी थांबले असते, आप्पा.